पहिली जुनी लष्करी रायफल घ्यायची आहे – ठाण्यात कोणी संग्राहक आहे का?

नौपाड्याचा_नातू | शनि, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते, ११७व्या मराठा पलटणीत. कूतच्या वेढ्यात अडकले, एप्रिल १९१६ मध्ये ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेले आणि नशीब म्हणून परत आले. घरात त्यांचं एक पदक आहे आणि एक फोटो. फोटोत ते ताठ उभे आहेत, शेजारी जमिनीवर टेकवलेली रायफल. लहानपणी मी पणजोबांपेक्षा त्या रायफलीकडेच जास्त बघायचो. चाळिशी उलटली तरी खूळ गेलेलं नाही.

मित्राच्या ओळखीने भिवंडीच्या बाजूला एका जुन्या फर्निचरच्या गोदामात तशीच ३०३ (.३०३ काडतुसाची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) बघितली. मालक ७२ हजार म्हणतोय. पाच हजार टोकन देऊन आलोय. प्रश्न दोन:

भाव बरोबर आहे का?
नवशिक्याने घेताना काय काय बघायचं?

---

तलावपाळी_टाइमपास | शनि, रात्री १०:५२

घोडबंदरला राहून तुम्ही घोडा घ्यायला भिवंडीला गेलात?

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

नौपाड्याचा_नातू | शनि, रात्री १०:५५

नौपाडा, साहेब. आयडी तरी वाचा.

---

कायद्याची_काठी | शनि, रात्री ११:२०

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. त्यांच्या आधीचा तिसरा विचारलाच नाहीत: परवाना आहे का?

.३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (म्हणजे नळीचं माप) आहे. बारा बोअरची दुनळी किंवा .३१५ची स्पोर्टिंग रायफल यांचा अर्ज पोलीस आयुक्तालयात करता येतो (ठाण्याचा ठाण्यात, नवी मुंबईकरांचा बेलापूरला). प्रतिबंधित बोअरचा विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. आणि 'फोटोतल्या पणजोबांकडे होती' हे काही त्याचं कारण होत नाही.

विनापरवाना सापडलात तर शस्त्र अधिनियम १९५९, कलम २५(१अ). २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा सात वर्षं, कमाल चौदा. भाव ७२ हजार आहे की ७२ रुपये, याने काही फरक पडत नाही.

---

नौपाड्याचा_नातू | शनि, रात्री ११:३१

ताई, हे मी मालकाला विचारलं होतं. तो म्हणाला शंभर वर्षं जुनी आहे, 'क्युरिओ' (जुनी संग्राह्य वस्तू) आहे, परवाना लागत नाही, सरकारने नियम बदललाय. मोबाइलवर बातमीही दाखवली.

---

बेलापूरचा_बगळा | शनि, रात्री ११:४८

मालक अगदीच थापा मारत नाहीये. २०२० मध्ये गृहमंत्रालयाने अधिसूचना काढली. क्युरिओ प्रकारातली छोटी शस्त्रं घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही असं त्यात आहे. त्यामुळे काठीताई, सरसकट सात वर्षं सांगून बिचाऱ्याची झोप उडवू नका.

---

कायद्याची_काठी | रवि, सकाळी ७:०५

बगळेबुवा, पुढची ओळही वाचा. वापरायला आणि नेआण करायला परवाना लागतोच. भिवंडीहून नौपाड्याला ती रायफल काय उडत येणार? कशेळीच्या पुलावर नाकाबंदी असली तर रिक्षात मागे उभं ठेवलेलं ते लांबडं गाठोडं काय म्हणून सांगणार, पडद्याचा दांडा?

आणि एखादी वस्तू क्युरिओ आहे हे ठरवणार कोण? फर्निचरवाला नाही. कलम ४५(क) खाली जी जुनी शस्त्रं कायद्यातून वगळली आहेत त्यांनाही एक अट आहे: दुरुस्त करून किंवा न करता, कशीही ती बंदूक म्हणून वापरण्याजोगी नसावीत. 'दुरुस्त करून' हे दोन शब्द फार महत्त्वाचे. काडतुसावर आपटणारी पिन काढून ठेवली म्हणजे झालं असं समजणारे पुष्कळ भेटतात. पिन परत बसते. आयुक्तालयाला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. तोंडी 'काही होत नाही हो' याला न्यायालयात किंमत शून्य.

---

मिसळपंथी_ठाणेकर | रवि, सकाळी ८:१०

+१. वाचनखूण साठवली. मला काहीच घ्यायचं नाहीये, पण सासऱ्यांना वाचायला देईन.

---

देवगडचो_झिलगो | रवि, सकाळी ९:३०

आमच्याकडे गावाला ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. आजोबांची, मग बाबांची. माकडं आणि रानडुकरं यांच्यासाठी. आवाजच जास्त, डुक्कर पडलेलं मी तरी बघितलेलं नाही.

सांगायचा मुद्दा: दर निवडणुकीला पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं, बंदूक जमा करा. बाबा एसटीने घेऊन जायचे, पावती आणायचे, मतमोजणी झाली की परत आणायचे. एका वर्षी तीन निवडणुका लागोपाठ आल्या. त्या वर्षी बंदूक घरात कमी आणि पोलीस ठाण्यात जास्त. बाबा म्हणाले, तिचंच नाव रेशनकार्डावरून काढून टाकूया.

नातूसाहेब, एवढं सगळं सोसायची तयारी आहे का बघा.

---

ऐरोली_सेक्टर_आठ | रवि, सकाळी ११:१५

झिलग्याचं वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

आमचे सासरे गेले तेव्हा त्यांची दुनळी कायद्याप्रमाणे जमा केली. (परवानाधारक गेला की वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची असते.) वारस म्हणून नवऱ्याने अर्ज केला. नियम तसा चांगला आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की जिवंतपणीही वारसाच्या नावावर करता येतं. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही. सासरे गेले ब्याऐंशीव्या वर्षी. बारा वर्षं हातात होती.

अर्ज चार वर्षं फिरला. दरम्यान बंदूक एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, खिडकीखाली. मिळाली तेव्हा नळीला आतून गंजाच्या पापुद्र्या, आणि दस्त्यावर चिकटपट्टीने लावलेला मुद्देमालाचा कागद. कागद सोलताना पॉलिश निघून आलं. सासऱ्यांनी दर दसऱ्याला तेल लावून ठेवलेली वस्तू होती ती. नवरा त्या दिवशी जेवला नाही.

ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले परवानाधारक आहेत, त्यांनी कृपया आजच विचारा.

---

मिसळपंथी_ठाणेकर | रवि, सकाळी ११:२२

सासऱ्यांना आताच फोन लावला. ते एकाहत्तर आहेत. धन्यवाद ताई.

---

दोन_लेकरांची_आई | रवि, दुपारी १२:४०

मी एकटीच विचारते आहे वाटतं. घरात बंदूक का हवी? पणजोबांची आठवण फोटोत आहे, पदकात आहे. मुलांच्या हाताला लागली तर? 'चालत नाही' म्हणून ठेवलेल्या बंदुका चालल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

---

ओहायोतला_ओवळेकर | रवि, दुपारी १:५५

(इकडे मध्यरात्र उलटून गेलीय, झोप येत नाहीये.) मूळचा ओवळ्याचा, घोडबंदर रोड. गेली अठरा वर्षं अमेरिकेत.

आईंचा प्रश्न रास्त आहे, पण संग्राहकाला बंदूक चालवायचीच असते असं नाही. माझ्याकडे सहा जुन्या रायफली आहेत, त्यांपैकी चार मी कधीच झाडल्या नाहीत. इथे संग्राहकांसाठी वेगळा परवाना असतो. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली शस्त्रं त्यावर घेता येतात. तीन वर्षांचे तीस डॉलर. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर संघीय कायद्याने ती प्राचीन वस्तूच. तुमच्याकडचं वाचून मला माझे तीस डॉलर फार स्वस्त वाटायला लागले.

नवशिक्या म्हणून मी केलेल्या चुका सांगतो, नातूंच्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

पहिली रायफल घेतली ती लाकूड चकचकीत होतं म्हणून. कोणीतरी दस्ता पॉलिश पेपरने घासून वार्निश मारलं होतं. घासताना लाकडावरचे कारखान्याचे आणि तपासणीचे शिक्के सगळे गेले, किंमत निम्म्यावर. मळकट, तेलकट, ओरखडे असलेलं लाकूड मिळालं तर देवाचे आभार माना आणि हात लावू नका.

दुसरी घेतली तिच्या आत नळीत बघितलंच नाही. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून मागून उजेड धरायचा, पुढून डोळा लावायचा. नळीतले आटे (पिळाच्या खाचा) स्पष्ट दिसले पाहिजेत. माझ्या नळीत कोळशाची खाण होती. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियमचं क्षार असायचं, झाडल्यावर ते मिठासारखं नळीत बसतं आणि हवेतला ओलावा ओढतं. तेल लावून ते जात नाही, गरम पाण्याने धुवावं लागतं. शिपाई म्हणूनच नळीत उकळतं पाणी ओतायचे.

तिसरी रशियन मोसिन. शंभर डॉलरच्या आत मिळाली, तेव्हा मिळायच्या. साठवणीच्या चिकट ग्रीझमध्ये इतकी बुडालेली की उन्हात ठेवल्यावर दोन दिवस लाकडातून मध गळत होता. बायकोचे टॉवेल वापरले. त्याची किंमत धरली तर ती रायफल स्वस्त पडली नाही.

---

तलावपाळी_टाइमपास | रवि, दुपारी २:०३

म्हणजे ठाण्याच्या दमट हवेत लोखंड ठेवायचं, तर आधी रायफलीला एसी घ्यावा लागेल. महावितरणचं बिल धरून भाव सांगा.

---

आर्मोरर_तात्या | रवि, दुपारी ४:१८

उशिरा आलो, दुपारची झोप चुकवत नाही.

लष्कराच्या ईएमईमध्ये आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. शेवटची वर्षं एनसीसीच्या ३०३ सांभाळल्या, ड्रिलपुरत्या. त्यांच्या नळीला भोक पाडलेलं असतं आणि लाकडावर 'डीपी' (ड्रिल पर्पज) रंगवलेलं. अशी एखादी बाहेर आली तरी कोणी कारागीर नळी बदलून चालती करतो, म्हणून काठीताई म्हणतात ते 'दुरुस्त करून' लक्षात ठेवा.

नातू, भाव नंतर. मला एवढं सांगा. बोल्टच्या उजव्या बाजूला, दस्त्याचा जो निमुळता भाग मुठीत धरतो, तिथे धातूची पट्टी असते. तिच्यावर वरपासून खालपर्यंत काय कोरलंय? अक्षर न अक्षर लिहा. आणि नंबर किती ठिकाणी आहे? बोल्टच्या दांडीवर, नळीच्या मुळाशी, पुढच्या टोपीवर आणि मागच्या साइटच्या पानाखाली बघायचं. सगळीकडे एकच हवा.

मॅगझिनची (काडतुसांची) पेटी चौकोनी असेल तर ती ३०३ नाहीच. ती इशापूरच्या (बंगालमधल्या) सरकारी कारखान्याची २अ, १९६२च्या युद्धानंतर ७.६२च्या काडतुसासाठी बनवलेली. लांबून फसवते.

---

नौपाड्याचा_नातू | रवि, संध्या. ५:४०

तात्या, फोनमधले फोटो मोठे करून बघितले. पट्टीवर: वर मुकुट. त्याखाली व्ही. आर. मग एनफिल्ड, इंग्रजीत, पण त्यातला पहिला 'एन' आरशात बघितल्यासारखा उलटा आहे. मला वाटलं जुनी पद्धत असेल. मग १९१२. त्याखाली एसएच.टी. एल.ई., तीन उभ्या रेघा आणि एक चांदणी.

नंबर बोल्टवर आहे, नळीवर आहे. जुळतात! पेटी चौकोनी नाही, खाली उतरती आहे.

---

आर्मोरर_तात्या | रवि, संध्या. ५:५८

बसून वाचा.

---

तलावपाळी_टाइमपास | रवि, संध्या. ५:५९

पॉपकॉर्न संपले. दुसरी पिशवी.

---

आर्मोरर_तात्या | रवि, संध्या. ६:३५

व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. बाई जानेवारी १९०१ मध्ये वारल्या. १९१२ साली गादीवर पंचम जॉर्ज. त्या सालच्या एनफिल्डच्या (इंग्लंडमधल्या सरकारी कारखान्याच्या) रायफलीवर मुकुटाखाली जी. आर. हवं. आपल्या इशापूरची असती तर जी. आर. आय., आणि स्वातंत्र्यानंतरची असती तर मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह आणि आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी, इशापूर). म्हणजे तुमच्या रायफलीवर मेलेल्या राणीने अकरा वर्षांनी येऊन शिक्का मारलाय.

पुढे. ती तीन रेघा आणि चांदणी म्हणजे मार्क ३ स्टार. मूळचा मार्क ३ १९०७चा. लढाईत बनवायला वेळ लागतो म्हणून त्यातले काही भाग काढून टाकले, मॅगझिन बंद करायची पट्टी वगैरे, त्याला स्टार दिला, तो १९१६ मध्ये. १९१२ची स्टार रायफल असूच शकत नाही.

आणि उलटा 'एन'. सरकारी कारखान्यात ठसा मारतात, ठशात अक्षर उलटं येत नाही. हे छिन्नीने, समोर खरी रायफल ठेवून, इंग्रजी न येणाऱ्या माणसाने एकेक रेघ बघून कोरलेलं आहे.

पाकिस्तानातलं दर्रा आदमखेल. खैबरकडची नक्कल. तिथले लोहार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, हातकानशीने. हात फार चांगला असतो त्यांचा, मी मानतो. पण लोखंड कुठलं? मिळेल ते. रेल्वेच्या रुळाचंही. ३०३चं काडतूस फुटताना जो दाब येतो तो त्या बोल्टने झेलायचा असतो, आणि बोल्टच्या मागे तुमचा चेहरा असतो.

नंबर जुळतात कारण एकाच माणसाने एकाच दुपारी कोरलेत.

---

ओहायोतला_ओवळेकर | रवि, संध्या. ७:१०

तात्यांना साष्टांग. मी असाच उलटा 'एन' इथल्या एका प्रदर्शनात बघितला होता. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकाने आठवण म्हणून आणलेली. तो म्हणाला, खोटी आहे माहीत आहे, म्हणूनच आवडते.

---

कायद्याची_काठी | रवि, संध्या. ७:४५

आता सगळी गंमत बघा. ही खरी एनफिल्ड नाही, म्हणजे मूळ रूपातली जुनी लष्करी वस्तू हा तुमचा युक्तिवाद गेला. कधी बनली ते कोणी सांगू शकत नाही, म्हणजे वयाचा युक्तिवाद गेला. पण ती ३०३चं काडतूस घेते आणि झाडू शकते, म्हणजे शस्त्र आहेच, तेही प्रतिबंधित बोअरचं. मालाची किंमत नक्कलेची आणि शिक्षा मात्र अस्सल.

बगळेबुवा, काही म्हणायचंय?

---

बेलापूरचा_बगळा | रवि, संध्या. ८:०२

शस्त्र खाली ठेवलं आहे.

पण तत्त्व म्हणून माझं म्हणणं कायम. खऱ्या जुन्या वस्तूंना सोपी नोंदणी दिली तर त्या गोदामांतून बाहेर येतील, संग्रहालयात जातील. नाहीतर जप्त होऊन वितळवल्या जातात किंवा रात्री खाडीत. ठाण्याच्या खाडीच्या तळाशी किती इतिहास पडलाय कोणाला माहीत.

---

कळव्याचा_कावळा | रवि, रात्री ८:३०

अवांतर: इतिहास तळाशी कशाला, वरच आहे की. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आणि आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. नातूसाहेब रायफल घेऊन आले असते तर किल्ला आतून, सात वर्षं निवांत बघता आला असता.

---

तलावपाळी_टाइमपास | रवि, रात्री ८:३१

प्रतिसाद ऑफ द धागा. मी निवृत्त होतो.

---

नौपाड्याचा_नातू | रवि, रात्री ९:१५

हसा हसा. मी तासभर गॅलरीत बसून होतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पाच हजारांचं काय करू? मालक मघाशीच फोन करून म्हणाला, 'दोन दिवस घरी नेऊन ठेवा, पटली तर बाकी द्या.'

---

कायद्याची_काठी | रवि, रात्री ९:२४

दोन दिवस काय, दोन मिनिटंही नाही. पैसे नंतर देऊ म्हणालात तरी ताबा तुमचाच. सापडली तर तुमच्या घरात सापडेल.

'बघतो, कळवतो' असलं गुळमुळीत नको. 'घेत नाही' असं स्पष्ट लिहून पाठवा. आधीचे संदेश पुसू नका. उद्या वकील सोबत घेऊन पोलिसांना जे बघितलं ते सांगा. पाच हजारांवर पाणी सोडा.

---

दोन_लेकरांची_आई | रवि, रात्री ९:५०

बायकोला सांगा हो. आजच सांगा.

---

आर्मोरर_तात्या | सोम, सकाळी ६:२०

नातू, मूळ प्रश्न राहिलाच. संग्रह करायचाय ना? मग रायफल शेवटी. आधी नजर तयार करा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रदालन आहे, पुण्याला केळकर संग्रहालय आहे. काचेला नाक लावून शिक्के वाचा, वही ठेवा. मग रायफलीच्या आजूबाजूच्या वस्तू घ्या: पलटणीचे बिल्ले, बटणं, पाण्याच्या बाटल्या, खाकी पट्टे, नळी साफ करायची दोरी. संगीन मोहक वाटते, पण १९०७ची संगीन सतरा इंची पात्याची असते आणि संगिनी शस्त्र नियमांच्या यादीत आहेत. शिवाय आपल्याकडे मनाई आदेश लागला की तलवार, भाला, सगळं घेऊन फिरायला बंदी. तेव्हा तीही ताईंना विचारूनच.

३०३च्या दस्त्याच्या मागच्या पितळी पत्र्याला एक झाकण असतं. उघडलं की आत पोकळी. तिथे शिपाई तेलाची पितळी कुपी ठेवायचा. बोटाएवढी, वरती फिरकीचं झाकण, झाकणाला आतून चमच्यासारखी काडी. ती कुपी शोधा. स्वस्त असते, बेकायदा नसते आणि ती खिशात राहते.

---

नौपाड्याचा_नातू | पुढच्या रविवारी, रात्री ८:०५

अपडेट. वकिलांबरोबर जाऊन आलो, जबाब लिहून दिला. पाच हजार गेले. बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'पाच हजारांत सुटलास.' तेव्हापासून घरात माझं नाव 'पंचहजारी' आहे.

काल चोरबाजारात गेलो होतो. तीन तास फिरलो. एका टोपलीत नळाच्या तोट्या, दरवाजाच्या कड्या आणि त्यांच्याखाली तात्यांची कुपी. चारशे मागितले, अडीचशेला दिली. घरी येऊन चिंचेने घासायला घेणार होतो, ओहायोकरांचे पॉलिश पेपर आठवले आणि थांबलो. झाकण अडकलं होतं, रात्रभर तेलात ठेवलं, सकाळी फिरलं. आत काडी आहे! आणि वास, तात्या. इतक्या वर्षांनी अजून तेलाचा वास येतो.

बुडाला एक खूण आहे. वर बाणाचं टोक, त्याखाली एक उभी रेघ. पणजोबांच्या फोटोशेजारी ठेवलीय. ही काय खूण?

---

आर्मोरर_तात्या | रवि, रात्री ८:४०

बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. खाली रेघ दिसतेय तो इंग्रजी 'आय' असावा, म्हणजे हिंदुस्थान सरकारची.

झाकणाच्या आत चामड्याची चकती आहे का बघा. असली तर काढू नका.

---

नौपाड्याचा_नातू | रवि, रात्री ८:४६

आहे. काळी पडलीय, पण आहे.